हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत: आईला आंबोलीला नेण्याचा माझा अनुभव

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या संकेश्वरात वाढलेल्या माणसाला हिरण्यकेशी नदीची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. आमच्या साखर कारखान्याला तिचे नाव आहे, उसाला तिचे पाणी आहे आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या वस्तीत शिरले तेही तिचेच पाणी होते. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिचा सगळा संसार याच काठावर झाला, पण नदी जिथून निघते ते महाराष्ट्रातल्या आंबोलीचे महादेवाचे देवस्थान तिने पाहिलेले नव्हते. संकेश्वरापासून आंबोली सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. तरीही तिला तिथवर नेण्यासाठी मला दोन खेपा कराव्या लागल्या आणि त्यातली पहिली माझ्याच हट्टाने वाया गेली.

ती पहिली खेप श्रावणातल्या एका रविवारची. आंबोली म्हणजे पावसाळा, हे आमच्या भागात इतके रुजले आहे की दुसऱ्या कुठल्या ऋतूत जाण्याचा विचारही मनात आला नाही. समुद्रसपाटीपासून ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. मी भाड्याची मोटार ठरवली, डबे बांधून घेतले आणि नऊच्या सुमारास निघालो, म्हणजे बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्याकडची माणसे ज्या वेळी निघतात नेमक्या त्याच वेळी. धबधब्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती आणि धुक्यामुळे रांगेचे टोक दिसत नव्हते. दीड तास आम्ही मोटारीतच बसून होतो. पुढे हिरण्यकेशीच्या वाटेला लागलो, तेव्हा फरशीवरून पाणी वाहत होते. चार पावले टाकताच आईच्या पायाला जळू लागली. ती घाबरली नाही, पण तिच्या गुडघ्यांचा विचार करून मीच मागे फिरलो. मोटारवाल्याला संध्याकाळचे दुसरे भाडे होते, त्यामुळे आम्ही परतल्याचा आनंद त्याला लपवता आला नाही. घाटात कणसे खाऊन आम्ही घरी आलो. महादेवाचे दर्शन राहिले ते राहिलेच.

दुसऱ्या वेळी मी आधी वेळ ठरवली आणि मग वाहन. पावसाळा संपलेला असावा, पण झऱ्यांना पाणी असावे. शाळांची दिवाळीची सुट्टी उलटलेली असावी आणि वार मधला असावा. या हिशेबाने तुळशीचे लग्न झाल्यानंतरचा बुधवार निघाला. वाहन म्हणून मुद्दाम एसटी निवडली, कारण परतीची घाई असलेला माणूस सोबत नको होता. गडहिंग्लजला एक गाडी बदलायची आणि आजऱ्यावरून आंबोली गाठायची, असा बेत होता.

तिकिटाची गंमत इथे सांगितली पाहिजे, कारण सीमेवर राहणाऱ्यालाच ती कळेल. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या गाड्यांत बायकांना तिकीट पडत नाही, म्हणून आईने आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधून घेतले होते. आमची गाडी मात्र महाराष्ट्राची होती. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट केले आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीतच चालते. परिणामी संकेश्वरापासून हद्दीपर्यंतच्या, म्हणजे आईच्या स्वतःच्या मुलखातल्या तुकड्याला पूर्ण भाडे पडले आणि परराज्य लागताच ते निम्मे झाले. वाहकाने हा हिशेब समजावून सांगितल्यावर आईने कार्ड पुन्हा गाठीत बांधले आणि म्हणाली, "म्हंजे आमाला आमच्यातच महाग." गडहिंग्लजपासून पुढच्या गाडीत अर्ध्या तिकिटासाठी तिला कुणीही कार्ड विचारले नाही.

गडहिंग्लजच्या बाजारात आमच्या गावाच्या नावाने विकली जाणारी संकेश्वरी मिरची यायला अजून अवकाश होता. रस्त्यावर सगळीकडे ऊसवाहतूक होती. आजऱ्यापर्यंत आईने डुलकी काढली. आजरा सोडल्यावर मात्र तिने खिडकी उघडून घेतली ती आंबोलीपर्यंत बंद केली नाही. इथे रस्ता आणि नदी पुन्हा पुन्हा एकमेकांच्या जवळ येतात आणि दर खेपेला नदी थोडी अरुंद झालेली दिसते. आमच्याकडचे तिचे पात्र रुंद, काळ्या मातीचे आणि संथ. इथे ती दगडांवरून खळखळत होती. गवसे गाव गेल्यावर उसाची शेते मागे पडली आणि झाडी दाट झाली. "ही आपलीच का?" असे आईने दोनदा विचारले. मी होय म्हटले, तरी तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

आंबोलीच्या स्थानकावर उतरलो तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर गावातलीच माणसे होती. उगमाचे देवस्थान गावापासून काही किलोमीटर आत आहे आणि तिथे एसटी जात नाही. रिक्षा करावी लागते. ती करताना जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे मिळून एकच भाडे आधी ठरवावे, कारण परतताना तिथे दुसरी रिक्षा मिळेल याची खात्री नसते. आमच्या रिक्षावाल्याने तासभर थांबायचे कबूल केले आणि आईकडे पाहून स्वतःच म्हणाला, "आजी, घाई करू नका, मी झोप काढतंय."

रिक्षा थांबते तिथून पुढे झाडीतून पायवाट आहे. श्रावणात जिथून मी मागे फिरलो होतो ती जागा कोरडी होती आणि जळवांचा मागमूस नव्हता. तरुण माणूस जी वाट बोलता बोलता चालून जाईल, तिला आईला वीस मिनिटे लागली, मध्ये दोनदा बसून. काठी बरोबर न आणण्याची चूक मी केली होती. ती तिने स्वतःच वाटेतल्या एका वाळक्या फांदीने सुधारली. वाट वळली आणि डोंगराच्या पोटातली गुहा, तिच्या तोंडाशी असलेले देऊळ आणि पुढचे कुंड एकदमच दिसले. गुहेतल्या अंधारातून पाणी येते आणि कुंडात उतरते, त्यात आवाज फारसा नाही. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, पण त्या दिवशी आमच्याखेरीज फक्त एक जोडपे होते आणि तेही थोड्या वेळाने निघून गेले. हिरण्यकेशी हे पार्वतीचे नाव मानतात. आईने महादेवाला आणि तिला घरून आणलेली पाच फुले वाहिली आणि कठड्याला टेकून बसली.

कुंडातल्या दगडांपाशी लहान मासे हलत होते. या स्थानी सापडलेल्या एका लहानशा माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली. शास्त्रज्ञांनी तिला नदीवरूनच शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव दिले आणि २०२१ मध्ये शासनाने देवस्थानासह २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. हे मी आईला सांगितले. देवाचे मासे धरायचे नसतात एवढे तिला लहानपणापासून ठाऊक होते. त्यासाठी सरकारी कागद लागला याचे तिला नवल वाटले. मला मात्र तो कागद असल्याचे बरे वाटले, कारण पावसाळ्यातल्या रविवारची गर्दी मी पाहिलेली आहे.

उगमाचे पाणी घरी न्यावे म्हणून मी तांब्याच्या झाकणाची बाटली बरोबर घेतली होती. ती भरायला वाकलो तेव्हा आईने हाताने थांबवले. "हे येतंयच की आपल्याकडं. बाटलीतनं कशाला?" तिने ओंजळभर पाणी तोंडाला लावले, थोडे डोळ्यांना लावले आणि उठली. बाटली रिकामीच परत पिशवीत गेली.

उरलेल्या वेळात दरीकाठच्या कावळेसादला जायचे की महादेवगडाला, असा प्रश्न होता. पावसाळ्यात कावळेसादला वाऱ्याने पाणी दरीतून उलटे वर उडते आणि ते पाहायला झुंबड उडते. कोरड्या दिवसात तिथे फक्त दरी असते, पण ती तळापर्यंत दिसते. गुडघ्यांची परीक्षा एका दिवसात पुरे झाली होती, म्हणून रिक्षा थेट कठड्याजवळ जाईल ते कावळेसाद निवडले. दरीच्या काठावर उभे राहून मी आईला दाखवले, की इथून खाली पडलेले पाणी कोकणातून अरबी समुद्राला जाते आणि पाठीमागचे, म्हणजे आपले, घटप्रभेतून कृष्णेला मिळून पार पूर्वेच्या समुद्राला. ती काही वेळ दोन्हीकडे पाहत राहिली. मग तिने परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारले.

गाडी साडेतीनला होती, ती चारला आली. गडहिंग्लजला उतरेपर्यंत अंधार पडला होता आणि संकेश्वरची गाडी ऊसवाहतुकीत अडकल्यामुळे आम्ही पाऊण तास फलाटावर बसलो. आईने पिशवीतून सकाळच्या दशम्या काढल्या. पाणी प्यायला मागितले तेव्हा बाटली रिकामी असल्याचे तिलाच आठवले आणि ती हसली. मी स्थानकाच्या नळावरून ती भरून आणली.