तुम्ही विचारलंत म्हणून: एका इन्सर्टसाठी चार सह्या

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले नवे कारखानदार भेटले की हटकून विचारतात, ‘माणसं वाढवली, मशीनं वाढवली, तरी माल पूर्वीसारखा का निघत नाही?’ सातपूर-अंबडच्या शेडमध्येच माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून पाहिलेलं सांगतो.

मी नोकरीला होतो तिथे सुरुवातीला आम्ही चौदाजण होतो. टर्निंग करताना, म्हणजे लेथवर धातू कापताना, इन्सर्टची (हत्याराच्या टोकाला बसवायच्या छोट्या पात्याची) धार गेली की ऑपरेटर मालकांच्या खणातून नवा काढून घ्यायचा. आम्ही १४० झालो, तेव्हा त्याच इन्सर्टसाठी इंडेंट, म्हणजे मागणीचा फॉर्म, लिहायचा आणि त्यावर सुपरवायझर, प्रॉडक्शन, स्टोअर, परचेस अशा चार सह्या आणायच्या. एकदा सेकंड शिफ्टला मॅनेजर घरी गेले होते. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, सकाळपर्यंत बंद उभं राहिलं. ऑइलचे हात बनियनला पुसत, तीन सह्यांचा कागद धरून माझ्यासमोर उभा असलेला तो पोरगा अजून डोळ्यांपुढे येतो. त्याला काम करायचं होतं हो!

त्या सह्या आल्या कुठून, याचा मी नंतर माग काढला. कधीकाळी इन्सर्टची एक डबी हरवली होती. डबी सापडली नाही, नियम मात्र राहिला. तो करणारे साहेब केव्हाच सोडून गेले आणि नियम काढणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

कागदाशी माझं भांडण नाही. चौदा माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या ९१ होतात, १४० माणसांत ९,७३०. एवढं तोंडी निभत नाही. हीट नंबरची, म्हणजे धातू कोणत्या ओतणीतला त्या नंबरची, नोंद नसेल तर रिजेक्शन आल्यावर शोधणार कुठे? पण कागद सांभाळायला माणूस नेमला की तो अगदी मन लावून आणखी कागद तयार करतो. ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५५ साली ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडले होते. १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, तर मुख्यालयातले अधिकारी-कारकून २,००० वरून ३,५६९ झाले.

आता माझी स्वतःची शेड आहे. खंडेनवमीला मशीनं पुसून झाली की आम्ही सगळे फॉर्म टेबलावर मांडतो. प्रत्येक सही कोणत्या चुकीमुळे आली ते विचारतो, आणि सांगता आलं नाही तर ती खोडतो. इन्सर्टची डबी मशीनशेजारच्या कपाटात असते. ऑपरेटर घेतो, वहीत आकडा टाकतो.