मोंदेगूच्या गाळातून वर आलेला मठ

कोइंब्रा हे पोर्तुगालमधील जुने विद्यापीठाचे गाव मोंदेगू नदीच्या उजव्या तीरावरील टेकडीवर चढत गेले आहे. मला मात्र डाव्या तीरावरचा जुना सांता क्लारा मठ पाहायचा होता. पहिल्या दिवशी पूल ओलांडून गेलो, तो फाटक बंद. सोमवारी संग्रहालय बंद असते हे वाचूनही मी विसरलो होतो, तेव्हा दोष माझाच. मंगळवारी सकाळी पुन्हा तोच पूल ओलांडला.

तिकीट घेतल्यावर आधी नवे संग्रहालय लागते आणि त्यापलीकडे, आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर, गॉथिक चर्च उभे असलेले दिसते. सुरुवातीला ते खड्ड्यात बांधल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात चर्च आपल्या मूळ जागीच आहे, शतकानुशतके पुराबरोबर आलेल्या गाळाने भोवतालची जमीनच वर आली आहे.

येथे क्लारिस्ट, म्हणजे संत क्लाराच्या पंथातील ख्रिस्ती, जोगिणींचा मठ प्रथम 1283 मध्ये मोर दियश या स्त्रीने स्थापला. तो वादात बंद पडल्यावर दिनिश राजाची राणी इझाबेल हिने 1314 मध्ये त्याची पुन्हा स्थापना केली. चर्च 1330 मध्ये विधिपूर्वक खुले झाले आणि पुढच्याच वर्षी मोंदेगूला आलेले पुराचे पाणी आत शिरले. हा उपद्रव मग थांबलाच नाही. जोगिणींनी फरशी वर घेतली, पुन्हा वर घेतली आणि अखेर सतराव्या शतकाच्या आरंभी चर्चच्या निम्म्या उंचीवर, संपूर्ण लांबीभर, दुसरा मजलाच घातला. खालचे चर्च पाण्याला देऊन त्या वर प्रार्थना करू लागल्या. तेही पुरेसे ठरले नाही, म्हणून 1677 मध्ये त्या टेकडीवरच्या नव्या मठात राहायला गेल्या.

आत शिरल्यावर हा सारा इतिहास भिंतींवरच वाचता येतो. तिन्ही दालनांवर दगडी कमानदार छत आहे. साधेपणाचे व्रत घेतलेल्या या पंथाच्या चर्चमध्ये लाकडी छतच अधिक आढळते, त्यामुळे राणीची हौस येथे लपत नाही. पण माझी नजर खिळली ती खालच्या जाड, बुटक्या कमानींवर. वरचा मजला पेलण्यासाठी त्या घातलेल्या, त्यामुळे मूळच्या उंच खांबांचा डौल मध्येच तुटतो. मूळ रचनेचे सौंदर्य बिघडले, असे एखादा म्हणेल. मला मात्र त्या कमानींमध्ये हट्टाने तग धरून राहिलेल्या बायकांचे हात दिसले. भिंतीच्या दगडावरून बोट फिरवले तर खालचा भाग झिजून खरबरीत झालेला जाणवतो.

येथील जीर्णोद्धार मला विशेष पटला, कारण तो करणाऱ्यांनी मठ नव्यासारखा करण्याचा मोह टाळला. पाणी रोखण्यासाठी भोवती जमिनीत भिंत घालून, आत झिरपणारे पाणी पंपांनी उपसण्याची व्यवस्था केली आणि 1995 पासून काही वर्षे उत्खनन करून गाळाखाली गेलेला चौक मोकळा केला. 2009 मध्ये हे सारे लोकांसाठी खुले झाले. तरीही नदीने हक्क सोडलेला नाही; 2016 च्या पुरात पाणी पुन्हा आत आले होते.

ज्या गाळाने मठ गिळला त्यानेच जोगिणींच्या वस्तू जपून ठेवल्या. संग्रहालयातील काचेची भांडी सुंदर आहेतच, पण चीनच्या मिंग राजवटीच्या काळातील निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. पूर्वेकडचा पोर्तुगीज व्यापार सोळाव्या शतकात गोव्याहून चाले, तेव्हा यातली काही ताटे मांडवीच्या काठावर उतरून पुढे गेली असतील, असे मनात येणे स्वाभाविक होते. शेजारून जाणाऱ्या बाईच्या बोलण्यात, पोर्तुगीजमधूनच मराठीत आलेल्या 'चावी'च्या जवळचा शब्द ऐकू आला आणि मी उगीचच मागे वळून पाहिले.

राजपुत्र पेद्रूची प्रेयसी इनेश द काश्त्रु हिचीही आठवण येथे निघते. 1355 मध्ये तिचा वध झाल्यावर तिला आधी याच मठात पुरले होते. पुढे राजा झालेल्या पेद्रूने तिचे अवशेष आल्कोबासाच्या मठात नेले. कोइंब्रात ही कथा इतकी सांगितली जाते, की राणी इझाबेल थोडी मागे पडते.

दुपारी दम खात टेकडी चढून नव्या मठात गेलो. संत मानल्या गेलेल्या राणी इझाबेलचा देह तेथे वेदीवर चांदीच्या पेटीत आहे आणि बहुतेक यात्रेकरू तेथेच हात जोडतात. तिने हयातीतच घडवून घेतलेली दगडी शवपेटीही जोगिणींनी खालच्या मठातून या चढावर आणली, ती कशी आणली असेल हे ती पाहूनही उमगत नाही. झाकणावर राणी निजलेली आहे, डोक्यावर मुकुट असला तरी अंगावर क्लारिस्ट जोगिणीचा वेश आणि जवळ स्पेनमधील सांतियागो या तीर्थक्षेत्राच्या यात्रेकरूची काठी.