चुरगळलेलं पत्र, ब्राँझमधलं

"यांना वेगळं स्मारक कशाला हवं?" इंग्लंडमधल्या नॅशनल मेमोरियल आर्बोरेटम या स्मारक-उद्यानात, ब्रिटिश सैन्यातल्या समलिंगी सैनिकांच्या स्मारकासमोर, माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी बायकोला विचारलं. माझं डोकं असं तापलं की त्या प्रवासातलं बाकी बरंच काही पुसट झालं, हे वाक्य मात्र जसंच्या तसं कानात राहिलं.

बर्मिंगहॅमला मावसबहिणीकडे मुक्काम होता. शहर पाहून झालं, छान झालं, त्यावर लिहावंसं काही नाही. हिवाळ्यातल्या एका सकाळी ताई आणि मी स्टॅफर्डशरमधल्या ऑलरेवस गावाकडे निघालो. लिचफील्डपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. जाताना टॅक्सी लगेच मिळाली, परतताना मात्र बराच वेळ गारठ्यात ताटकळावं लागलं. जमत असेल तर स्वतःची गाडी घेऊन जा. आत जायला पैसे लागत नाहीत, फक्त गाडी लावायचे द्यावे लागतात.

जागा अफाट आहे, जवळजवळ १५० एकर. खडी उपसून झालेल्या जमिनीवर हजारो झाडं लावून २००१ साली ती लोकांसाठी खुली केली. नदीकाठ, मोकळं रान आणि कानात घुसणारा वारा. ४००हून जास्त स्मारकं इथे आहेत. महायुद्धात सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत पाठवलेले बेव्हिन बॉइज, शेतात राबलेल्या लँड आर्मीच्या बायका, समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारे लाइफबोटवाले, सगळ्यांना इथे आपापली जागा आहे. त्यांच्यासमोर उभं राहून 'वेगळं कशाला' असं विचारताना मी कुणाला ऐकलं नाही.

ज्यासाठी आलो होतो ते स्मारक ब्राँझचं आहे. चुरगळून टाकलेलं आणि पुन्हा उलगडलेलं एक मोठं पत्र. नॉर्फकमधल्या अब्रॅक्सस अकॅडमीच्या कलावंतांनी ते घडवलं आणि २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजे चार्ल्स यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्यावर शब्द कोरले आहेत. ते शब्द आहेत सैनिकांच्या खासगी पत्रांमधले, एकेकाळी त्यांच्याचविरुद्ध पुरावा म्हणून वापरलेल्या पत्रांमधले.

इथे थोडं मागे जावं लागेल. १९६७च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांचे खासगीतले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण सैन्यदलं त्यातून वगळली गेली. त्यानंतरही २००० सालच्या जानेवारीपर्यंत समलिंगी असणं हे नोकरीवरून काढायला पुरेसं कारण होतं. लष्करी पोलीस कपाटं उघडायचे, सामान उलथंपालथं करायचे, पत्रं न्यायचे. तासन्‌तास चौकशी व्हायची आणि 'आणखी कोण कोण आहे' म्हणून नावं मागितली जायची. काहींना तुरुंगवास झाला, काहींना 'बरं' करण्यासाठी डॉक्टरांच्या हवाली केलं गेलं. कित्येकांनी घरी खरं कारण सांगितलंच नाही. नौदलातले रेडिओ ऑपरेटर जो औसालीस १८ वर्षं नोकरी करून, फॉकलंडचं युद्ध पाहून आलेले. १९९३ साली त्यांना काढलं आणि दीर्घ सेवेचं पदक हिसकावून घेतलं. ते परत मिळायला २०२० उजाडलं.

बंदी उठली तीही सरकारला उपरती झाली म्हणून नव्हे. जीनेट स्मिथ, ग्रेम ग्रेडी, डंकन लस्टिग-प्रीन आणि जॉन बेकेट या चौघांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात खटला लढवला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये जिंकला, म्हणून उठली. माफी मागायला मात्र आणखी २३ वर्षं लागली. जुलै २०२३ मध्ये या बंदीच्या परिणामांची चौकशी करणारे लॉर्ड इथर्टन यांचा अहवाल आला, त्यात ४९ शिफारशी होत्या, आणि त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत हे ब्रिटिश राज्यसंस्थेचं भयंकर अपयश असल्याचं मान्य केलं. सार्वजनिक स्मारक ही त्या शिफारशींपैकीच एक. खुद्द इथर्टन मे २०२५ मध्ये वारले, अनावरणाच्या काही महिने आधी. त्यांनी ते पाहायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

म्हणून त्या गृहस्थांचा प्रश्न झोंबला. इथली बहुतेक स्मारकं सांगतात की या लोकांनी देशासाठी काय दिलं. हे स्मारक तेही सांगतं, आणि शिवाय देशाने त्यांचं काय केलं तेही. असं बोलणारं दुसरं एक स्मारक याच आवारात आहे. पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा आणि भ्याडपणा अशा आरोपांखाली आपल्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांचं. डोळे बांधलेल्या पोराचा पुतळा आणि त्यामागे नावांचे लाकडी खांब. त्यांना माफी मिळाली २००६ साली, तेव्हा त्यातलं कुणीच हयात नव्हतं. या पत्रासमोर उभी राहायला निदान काही माणसं जिवंत आहेत.

त्यातल्या दोघी मला भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. एकीच्या कोटावर पदकं होती, दुसरी हातमोजा काढून ब्राँझच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवत होती. त्यांनीही ते वाक्य ऐकलं होतं. पदकंवाली बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. आम्ही फार वाईट ऐकलंय." मग आपणहून सांगू लागली. "हिला पत्र लिहिताना मी पुरुषाचं नाव घालायचे. एकदाच चुकून हिचं खरं नाव लिहिलं गेलं. तेवढं पुरलं त्यांना."

किती वर्षं नोकरी झाली होती, असं ताईने विचारलं. "नऊ. दुसरं काही करायचंच नव्हतं मला." एवढं बोलून ती गप्प झाली, आणि दुसरीने तिचा हात धरला, सगळ्यांसमोर, अगदी सहज.

मला ऑसवेस्ट्रीच्या संग्रहालयातल्या पत्रांची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गॉर्डन बाउशरने गिल्बर्ट ब्रॅडली या सैनिकाला लिहिलेली शेकडो प्रेमपत्रं, खाली सही नुसती 'जी'. एका पत्रात ती नष्ट करायची विनंती होती. गिल्बर्टने ऐकलं नाही. २००८ साली तो गेल्यावर ती सापडली. पुढे कधीतरी जग शहाणं झाल्यावर आपली पत्रं छापली गेली तर किती छान होईल, असंही त्यात लिहिलेलं आहे. हे मी त्या दोघींना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

नंतर कॅफेत चहाच्या रांगेत पुन्हा गाठ पडली. गर्दी, पोरांचा आरडाओरडा, एकही टेबल रिकामं नाही. एरवी मी वैतागले असते. तिथे नुकसानभरपाईचा विषय निघाला. साडेसात कोटी पौंडांची योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आहे आणि या कारणावरून काढलेल्यांना ५०,००० पौंड मिळतात. गेलेली नोकरी, गेलेलं पेन्शन पाहता मला ही रक्कम तुटपुंजी वाटते. पण त्या बाईने अर्जच केलेला नव्हता. "चौकशीत काय काय झालं ते पुन्हा लिहून काढायचं. पहिल्या पानापलीकडे जातच नाही मी."

ताईने तिथेच स्वतःचा फोन नंबर दिला. म्हणाली, "तुम्ही बोला, मी लिहून घेईन." त्या बर्मिंगहॅमपासून फार लांब राहत नाहीत. मी परत आल्यावर ताईचा निरोप आला की त्या दर शनिवारी बसतात, एका वेळी अर्ध्या पानाच्या वर जात नाहीत, आणि चौकशीचा पहिला दिवस आता लिहून झाला आहे.