जुन्या ऑपरेशनचा कागद

"पोटाचं आधीच ऑपरेशन झालेलं, मग तुम्हाला कॅन्सरवरचा शेक, म्हणजे रेडिएशन, कसा सोसला?" सोलापुरात आणि आसपासच्या गावांतून हे मला नेहमी विचारतात. बहुतेक वेळा फोनवर, आवाज खाली घेऊन, कारण दुखणं गुदद्वाराचं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मीही वर्षभर मूळव्याध समजून मलमं लावली. तुकडा तपासायला दिला तेव्हा कॅन्सर निघाला. वाटलं, आता कापणार आणि पोटावर कायमची पिशवी. पण या जागी बहुतेकांना आधी शेक आणि केमो एकत्रच देतात. अमेरिकेतल्या डॉ. नॉर्मन नायग्रो यांनी ऑपरेशनआधी ही जोडी देऊन पाहिली होती. १९७४ साली त्यांनी लिहिलं, की कापून काढलेल्या भागात गाठ उरलीच नव्हती.

माझ्या पोटावरची उभी शिवण बघून डॉक्टर थांबले. बारा वर्षांपूर्वी आतड्याला पीळ पडला होता, तेवढा भाग काढून टोकं जोडली होती. "त्याचा कागद आणा," म्हणाले. कागद ट्रंकेत, चादरींच्या खाली सापडला.

पोट एकदा उघडलं की आतडी एकमेकांना, कधी ओटीपोटाच्या तळाशी चिकटू शकतात. मोकळं आतडं हलत राहतं, रोज तेच वेटोळं किरणांखाली येत नाही. चिकटलेलं मात्र तिथंच बसून रोजचा मार खातं. लहान आतड्याला तो फार सोसत नाही. आधी जुलाब, मळमळ. काहींना पुढे काही वर्षांनी आतडं अरुंद होऊन अडकतं.

लघवी भरलेली असली की मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं, म्हणून पाणी पिऊन सीटी स्कॅन काढला. माझं एक वेटोळं तरीही खालीच राहिलं. मग त्याला वाचवत किरणांच्या दिशा आणि जोर बेतून प्लॅन केला. आठवडाभर उशीर झाला, मी चिडले होते. आज तो आठवडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

२८ वेळा शेक, शनिवार-रविवार सुट्टी. एप्रिलचं ऊन आणि खाली सोललेली कातडी. कोमट पाण्याच्या टबात बसून रडले आहे मी. कडक भाकरी, शेंगाचटणी बंद, मऊ भात चालू. दहा आठवड्यांनी गाठ थोडी जाणवत होती. घरचे म्हणाले, कापून टाका. डॉक्टरांनी थांबवलं: शेक संपल्यावरही गाठ विरघळत राहते, सहा महिन्यांपर्यंत वाट बघतात.

पुढच्या तपासणीला ती नव्हती.

तर ताई, आधी तो कागद शोधा. सापडला नाही तर काय काढलं, कुठं जोडलं, आठवेल तेवढं लिहून न्या.