पाठंगुळीला बसलेलं विमान

जिंडेरा गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॅनोलाची शेतं सुरू झाली. कॅनोला म्हणजे आपल्या मोहरीचीच बहीण. सप्टेंबरचा शेवट म्हणजे इथला वसंत, त्यामुळे नजर जाईल तिथवर पिवळंधमक. आदल्या दिवशी मेलबर्नहून निघून आम्ही ऑल्बरीला मुक्काम केला होता. मरे नदी ओलांडली की व्हिक्टोरिया संपतं आणि न्यू साउथ वेल्स लागतं. तिथून बरंबटक, आणि मग ब्रोकल्सबी. चार रस्ते, थोडी घरं आणि सगळीकडे शेतं, एवढंच गाव. इथे मुद्दाम यायचं कारण म्हणजे एक इंजिन.

ते ॲव्हरो ॲन्सन विमानाचं इंजिन आहे. २००७ साली २६ जानेवारीला ते इथल्या स्मारकात बसवलं. मध्ये गोल पोट आणि भोवती सात सिलिंडर, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे. जवळ गेल्यावर सिलिंडरांवरच्या पातळ पट्ट्या दिसतात, वह्यांची पानं एकावर एक रचल्यासारख्या. वाऱ्याने इंजिन थंड राहावं म्हणून त्या असतात. मी बराच वेळ ते बघत उभी होते.

दुसऱ्या महायुद्धात हजारो मुलं या विमानावर शिकली. मूळचं ते समुद्रावर गस्त घालणारं विमान, पहिलं उड्डाण १९३५ चं. पुढे त्याहून वेगवान विमानं आली आणि ॲन्सनकडे शिकवायचं काम आलं. लाकडी पंख, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने अशी हजाराहून जास्त विमानं वापरली. बाँबफेकी विमानावर जाण्याआधी दोन इंजिनं सांभाळायची सवय मुलांना इथेच लागायची.

त्या वैमानिकांच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते: चाकं वर घ्यायचं हँडल. वैमानिकाच्या खुर्चीजवळचं ते हँडल हाताने फिरवायचं, एकशे चाळीसच्या आसपास फेरे! विहिरीचा रहाट ओढावा तसं. छोटं उड्डाण असलं तर पुष्कळ जण चाकं खालीच ठेवायचे. स्मारकासमोर माझ्या मुलीने हवेतच हात फिरवून मोजायला सुरुवात केली.

"आई, साठ झाले. हात भरून आला."

"अजून ऐंशी राहिले."

ती खाली गवतावर बसली.

आता या गावाची गोष्ट. २९ सप्टेंबर १९४० च्या सकाळी वागा वागाजवळच्या फॉरेस्ट हिल तळावरून दोन ॲन्सन निघाली. तिथली प्रशिक्षण शाळा त्याच वर्षी सुरू झालेली. एका विमानात बावीस वर्षांचा लेनर्ड फुलर, आणि दिशा सांगायला इयन सिंक्लेअर. दुसऱ्यात ह्यू फ्रेझर आणि एकोणीस वर्षांचा जॅक ह्यूसन. चौघेही शिकाऊ. ब्रोकल्सबीवर हजार फुटांवर असताना वळण घेताना फुलरला खालचं ह्यूसनचं विमान दिसेनासं झालं, आणि तो थेट त्याच्यावर जाऊन बसला.

दोन्ही विमानं एकमेकांत अडकली. खालच्याच्या पाठीवरचा मशीनगनचा मनोरा वरच्याच्या डाव्या पंखाच्या मुळाशी रुतला. आपल्याकडे मूल पाठंगुळीला बसतं तसं एक विमान दुसऱ्याच्या पाठीवर. फुलरची दोन्ही इंजिनं बंद पडली, पण खालच्या विमानाची पूर्ण जोरात चालू होती. वरच्या विमानाच्या पंख्याच्या पात्याने खालच्या विमानाची कूस कापली तेव्हा ह्यूसनच्या पाठीला जखम झाली होती, तरी त्याने उडी मारली. फ्रेझर आणि सिंक्लेअरनेही. तिघे हवाईछत्रीने खाली आले.

फुलर मात्र जागेवरच बसला. त्याच्या लक्षात आलं की पंखांवरचे एलेरॉन आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, अजून ऐकताहेत, विमान वळवता येतंय. दुसऱ्याच्या इंजिनांवर आणि स्वतःच्या पंखांवर त्याने ती जोडगोळी आठेक किलोमीटर नेली आणि गावाच्या नैर्ऋत्येला एका कुरणात उतरवली. गवतावरून दोनशे यार्ड घसरत जाऊन ती थांबली. खाली एकालाही खरचटलं नाही. आदल्या दिवशी फॉरेस्ट हिलवर सरावात केलेल्या लँडिंगपेक्षा हे लँडिंग बरं झालं, असं त्याला वाटलं होतं.

चौकशी अधिकाऱ्याला त्याने जे सांगितलं ते मला सगळ्यात जास्त भावतं. इंजिन दगा देईल तेव्हा घराजवळ उतरायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं, असं आम्हाला शिकवलंय. हे बघा शेतावरचं घर. मी दोन घिरट्या घातल्या आणि वाऱ्यासमोर उतरलो. फक्त विमान हाताला जड लागत होतं. इतकंच! मला वाटतं, ज्याला आपण धाडस म्हणतो त्यातला मोठा भाग हाच असतो: हाताला इतकं वळण लावायचं की डोकं सुन्न झालं तरी हात चुकू नये. ॲन्सनने ते वळण लावलं. युद्धाच्या गोष्टींत लँकास्टर आणि स्पिटफायर ही गाजलेली विमानं असतात, हे मुकं काम करणारं विमान कुणी आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फुलरला बढती मिळाली आणि हवाई मंडळाने त्याचं कौतुकही केलं. पण परवानगीशिवाय वर्तमानपत्रांशी बोलल्याबद्दल चौदा दिवस बराकीत अडकवून ठेवलं, सात दिवसांचा पगारही कापला. वरचं विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागलं.

पुढे फुलर युरोप आणि मध्यपूर्वेच्या आघाडीवर लढला, पदक मिळवून परत आला आणि व्हिक्टोरियात सेल या गावाजवळ नव्या मुलांना शिकवू लागला. तिथेच मार्च १९४४ मध्ये सायकलवरून जाताना बसची धडक बसली आणि तो गेला. फ्रेझर त्याच्याही आधी, १९४२ च्या पहिल्याच दिवशी, ब्रिटनमध्ये सरावाच्या उड्डाणात. हे वाचून दाखवताना माझा आवाज अडकला. नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि उरलेलं त्याने वाचलं.

विमानं जिथे उतरली त्या जागेजवळ गावकऱ्यांनी १९९० साली, पन्नास वर्षं झाली तेव्हा, एक खूण उभारली. आम्ही नैर्ऋत्येच्या रस्त्याने थोडं गेलो आणि कडेला गाडी थांबवली. कुंपणापलीकडे कुणाचं तरी शेत, मेंढ्या चरत होत्या, लांबवर एक घर. मुलीने गवताच्या चार काड्या उपटल्या आणि उंचावरून सोडल्या. त्या आमच्या मागच्या बाजूला उडाल्या.

"म्हणजे तो असा आला असता," ती म्हणाली आणि तिने मेंढ्यांच्या डोक्यावरून हात आमच्या दिशेने आणला.