तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबा घरात आहेत, तरी धाकट्याला त्यांच्याजवळ एकटं का सोडत नाही?

प्रश्न नेहमी तोच असतो, विचारणारं माणूस तेवढं बदलतं. "घरात आजोबा आहेत, तासभर धाकट्याला त्यांच्याजवळ ठेवून का जात नाहीस? त्यांचा केवढा जीव आहे पोरांवर! विश्वास नाही का?" शेवटचं वाक्य कुणी बोलून दाखवतं, कुणाच्या चेहऱ्यावर ते नुसतं दिसतं. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवत आले. ते उत्तर कुणालाच पटलेलं नाही, म्हणून आता एकदा सगळं सांगते.

जीव आहे, हे मला कुणी सांगायला नको. धाकटा दीड वर्षाचा, थोरली साडेचारची, आणि सकाळी डोळे उघडले की दोघांनाही आधी आजोबा लागतात. पण जीव असणं वेगळं आणि दीड वर्षाच्या पोरामागे एकट्याने तासभर राहता येणं वेगळं. त्याला गुडघे लागतात, कान लागतात आणि झटकन उठता यावं लागतं.

उठण्याचंच घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेलं माणूस खुर्चीतून एकदम उठलं की दाब क्षणभर खाली जाऊ शकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांनीही हेच होतं. म्हणून डॉक्टर सांगतात, आधी पाय हलवा, मिनिटभर काठावर बसा, मग उभे राहा. मूल जिन्याकडे निघालेलं दिसत असताना कोणते आजोबा मिनिटभर काठावर बसतील? ते धावणार, आणि पडणार. त्यातून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा मारही दाखवून यावा लागतो, कारण बाहेर टेंगूळही नसताना आत रक्तस्राव होऊ शकतो.

कानांचं तसंच. वयामुळे ऐकू येणं कमी होतं ते वरच्या पट्टीपासून, आणि लहान मुलांचे आवाज उंच पट्टीतलेच. यंत्र लावलं तरी मागच्या खोलीतलं रडणं भांड्यांच्या आवाजात हरवतं. शिवाय ज्याची खरी भीती, ते आवाज करून होत नाही. घास अडकून श्वास कोंडलेल्या मुलाला रडता येत नाही. बादलीत डोकं खाली गेलेलं मूल हाक मारत नाही. त्याला बुडायला चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं, कारण त्या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि तोल गेला की स्वतःला वर ओढता येत नाही.

"त्यांनी तुम्हाला वाढवलंच ना?" वाढवलं. तेव्हा ते पस्तिशीत होते, घरात त्यांची एकही गोळी नव्हती, आणि आजीही होती.

कबूल करते की एके काळी माझंही मत तुमच्यासारखंच होतं. थोरली लहान असताना मी म्हणत असे, सतत आजूबाजूला घुटमळणं म्हणजे बाबांचा अपमान आहे, त्यांना आणि नातीला मोकळं सोडलं पाहिजे. त्या मताचा मी आजही आदर करते, कारण त्यात बाबांचा मान सांभाळायची इच्छा होती. पण त्यात बाबा पासष्टीचे आहेत की अठ्ठ्याहत्तरचे, याचा हिशेब नव्हता. आणि गोळ्यांचा तर नव्हताच.

गोळ्यांबद्दल सविस्तरच सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांना वाटतं की मी एका दुपारचा बाऊ केला.

बाबांची डबी सात खणांची होती, वार लिहिलेली. रविवारी आठवड्याच्या गोळ्या भरायच्या. दर खणात एक रक्तदाबाची, एक साखरेची. या डब्यांबद्दल एक लक्षात घ्या: गोळ्या विसरू नयेत यासाठी त्या उत्तम असतात, पण मुलांपासून संरक्षण म्हणून बहुतेक डब्यांचा काहीच उपयोग नाही. झाकण अंगठ्याने वर ढकललं की उघडतं. ते तसंच असावं लागतं, कारण सांधे दुखणाऱ्या बोटांना दाबून फिरवायचं झाकण उघडत नाही. मुलाला जे अवघड, तेच आजोबांनाही अवघड. ही अडचण कुठल्याही दुकानातल्या वस्तूने पूर्ण सुटत नाही.

बुधवारी दुपारी डबी खुर्चीशेजारच्या स्टुलावर उघडी सापडली. बुधवारचा खण रिकामा. रक्तदाबाची गोळी खुर्चीखाली, ओली, कडेने विरघळलेली. साखरेची कुठेच नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "साखरेची घेतली बहुतेक, नाश्त्याबरोबर." बहुतेक. खात्रीने सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणून त्यांचा चेहरा उतरत गेला. धाकटा शेजारी बसून खेळत होता, अगदी नेहमीसारखा.

ती गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. मधुमेह असलेल्या मोठ्या माणसाला त्याचा उपयोग होतो. अकरा किलोच्या निरोगी मुलाची साखर मात्र त्या एका गोळीने धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. आणि लगेच जाईलच असं नाही, काही वेळा कित्येक तासांनी जाते. मूल पोटभर जेवलेलं असेल तर आणखी उशिरा. त्यामुळे "बघा, खेळतोय की मस्त" याला काही अर्थ उरत नाही. साखर उतरल्याची लक्षणं म्हणजे चिडचिड, घाम, मलूलपणा, गुंगी, पुढे झटके. दुपारी झोपाळलेलं मूल आणि साखर उतरलेलं मूल यांत घरच्या माणसाला फरक करता येत नाही. म्हणून "झोपवून बघू या" हा सल्ला, जो त्या दुपारी दोन जणांनी फोनवर दिला, तो सगळ्यात घातक होता.

त्या वेळी करायचं ते एवढंच. तोंडात बोट फिरवून उरलेला तुकडा असला तर काढायचा. उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. थेट रुग्णालय गाठायचं. गोळीची स्ट्रिप सोबत घ्यायची, कारण डॉक्टरांना नाव आणि मिलिग्रॅम हवं असतं. मुलाचं वजन आणि मूल शेवटचं डबीपासून दूर दिसलं ती वेळ सांगायची. घरातल्या बाकीच्या स्ट्रिपही पिशवीत टाकायच्या. आणि गिळली की नाही याची खात्री करत बसायचं नाही.

डॉक्टरांनीही तेच गृहीत धरलं: गिळली. बाबांची साखर तपासून काही कळेल का, असं विचारून पाहिलं. जुना मधुमेह असलेल्या माणसाच्या एका आकड्यावरून सकाळची गोळी पोटात गेली की नाही, हे ठरत नाही. धाकट्याच्या हाताला सुई लावून ठेवली, ६०च्या खाली आकडा आला तर शिरेतून ग्लुकोज सुरू करता यावं म्हणून. तासातासाला बोट टोचून साखर. रात्रभर ठेवलं, कारण रात्री पोट रिकामं असतं आणि तेव्हाच ती उतरायची जास्त भीती. टोचलं की तो रडे आणि "आबा, आबा" करत दाराकडे हात करी. आबा बाहेरच्या बाकावर होते. आत या म्हटलं तरी येत नव्हते.

साखर उतरली नाही. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. गोळी त्याने गिळली होती की बाबांनी सकाळीच घेतली होती, हे आजही कुणाला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. तुम्ही म्हणता, म्हणजे काहीच झालं नव्हतं. झालं होतं. घरी आल्यावर धाकट्याने नेहमीप्रमाणे खुर्चीपाशी जाऊन दोन्ही हात वर केले, आणि बाबांनी आपले हात पाठीमागे नेले. म्हणाले, "आईकडे जा." घरात कुणीही त्यांना एक शब्द बोललं नव्हतं. पुढे किती तरी दिवस त्यांनी त्याला मांडीवर घेतलं नाही. तो जाऊन त्यांच्या गुडघ्याला मिठी मारून उभा राही, ते खिडकीबाहेर बघत. डॉक्टर म्हणाले, डबीचा दोष आहे, तुमचा नाही. त्यांचा मुलगा म्हणाला, सून म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि हात मागेच ठेवले.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. मूल आजोबांजवळ एकटं सोडलं आणि काही घडलं, तर मूल बहुधा सावरेल. आजोबा सावरणार नाहीत. मी पोराला जपते, हे उघड आहे. त्याच्याइतकंच मी त्या म्हाताऱ्या माणसाला जपते, आणि ते कुणाला दिसत नाही म्हणून चीड येते.

आता घरात काय आहे ते सांगते. गोळ्या वरच्या कुलपाच्या कप्प्यात. ठरलेल्या दोन वेळांना त्या बाबांच्या हातात दिल्या जातात, पाण्यासोबत समोर घेतल्या जातात, लगेच वहीत खूण होते. "घेतली का?" हा प्रश्नच उरत नाही. स्ट्रिपचे कात्रीने एकेक चौकोन करायचे नाहीत. वेष्टणासकट गोळी गिळली गेली तर त्या धारदार कोपऱ्यांनी अन्ननलिकेला जखम होते, आणि हे मुलांचं होतं तसं नजर मंदावलेल्या मोठ्यांचंही होतं. गोळी खाली पडली तर ती सापडेपर्यंत धाकटा त्या खोलीत येत नाही. पाहुण्यांच्या पिशव्या उंच खुंटीवर, कारण त्यांतही गोळ्या असतात. औषधाला मुलांसमोर गंमतीनेही खाऊ म्हणायचं नाही. थोरलीला एवढंच शिकवलंय: गोळी दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्याने ओरडून सांगायचं.

बटणासारख्या बॅटऱ्यांचं कुणी बोलतच नाही. साखर तपासायच्या बऱ्याच यंत्रांत सीआर २०३२ असते: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. हा आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. कानाच्या यंत्रातल्या बॅटऱ्या लहान, पण नाकात किंवा कानात घातल्या तर त्यांनीही आत जखम होते. बॅटरी गिळल्याची शंका जरी आली तरी थेट रुग्णालय, एक्स-रे. जुनी, संपलेली बॅटरीही निर्धोक नसते. आमच्याकडे बाबांच्या खिशात बोलावण्याची बिनतारी घंटा असते. तिचं झाकण स्क्रूने बंद होणारं आहे, हे पाहूनच ती घेतली.

बाबांना एक गोष्ट सांगावी लागली आणि ती त्यांनी मनापासून ऐकली: मुलाला एका हाताने ओढून उचलायचं नाही. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपराचं हाड त्या झटक्याने सहज सरकतं. बगलेत हात घालून उचलायचं, आणि त्यांच्या बाबतीत तर उचलायचंच नाही. ते बसलेले असतात आणि तो चढतो. त्यासाठी खुर्चीपुढे एक रुंद, न डळमळणारी पायरी ठेवली आहे. खेळणी चालायच्या वाटेवरून उचललेली असतात, म्हणजे रात्री बाथरूमला जाताना पाय पडत नाही.

दोघांचा वेळ सकाळचा, नाश्त्यानंतर. तेव्हा बाबांना तरतरी असते. मी शेजारच्या खोलीत असते, दार उघडं. आत जाऊन बसत नाही, गोष्टीत तोंड घालत नाही. थकले की ते घंटा दाबतात. घंटा वाजली की मी धाकट्याला काही तरी दाखवायच्या निमित्ताने उचलून नेते, आजोबा दमले म्हणून नाही. आता ते त्याला पुन्हा मांडीवर घेतात. दोन्ही हातांनी धरतात, पूर्वीपेक्षा घट्ट, आणि मध्येच माझ्या खोलीकडे बघतात, मी आहे ना याची खात्री करायला. तुम्हाला त्यात अविश्वास दिसतो. मला वाटतं, मी तिथे आहे म्हणूनच त्यांना त्याला घ्यायचा धीर होतो.

तरीही सगळं ठीक आहे असं म्हणणार नाही. एकदा ते म्हणाले, "माझ्याच घरात मला पाहुण्यासारखं वाटतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबीत हातांनी गोळ्या भरणं हा त्यांचा रविवारचा उद्योग होता, तो आम्ही काढून घेतला. आता मुलं झोपल्यावर, दार लावून, ते वहीत खुणा तपासतात आणि कोणती स्ट्रिप संपत आली ते सांगतात. त्याने त्यांचं समाधान होतं का, माहीत नाही. विचारलं तर "ठीक आहे" म्हणतात.

आणि थोरलीचं काय? ती कुलपं उघडत नाही, सांगितलेलं ऐकते, आजोबांचा हात सोडत नाही. तिला घेऊन संध्याकाळी एकटं फिरायला जाऊ का, असं बाबांनी विचारलंय. बाबांचा मुलगा म्हणतो जाऊ दे. मी म्हणते, मागून येणारी गाडी त्यांना ऐकू येते का ते आधी पाहू. यावर घरात दोनदा वाद झालाय आणि अजून काही ठरलेलं नाही. कानांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.