सीरम काढलं, पेशी मेल्या की सुटल्या?

प्लेटच्या वेल म्हणजे खळग्यांतला रंग मोजणाऱ्या प्लेट रीडरचे आकडे बघून खोलीत सगळे खूश होते. प्रायॉन प्रथिन नसलेल्या उंदराच्या हिप्पोकॅम्पस (मेंदूचा एक भाग) पेशी सीरमविना, म्हणजे मीडियममध्ये घालतात त्या रक्तातल्या पोषक द्रवाविना, २४ तास ठेवल्या की ढासळतात. तेच प्रथिन त्यांच्यात परत घातलं की तगतात. एमटीटी या चाचणीत जिवंत पेशी जांभळा रंग देतात; तो दुसऱ्या गटात जवळजवळ दुप्पट आला होता. १९९९ साली कुवाहारा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं ते हेच. म्हणजे हे प्रथिन पेशींचं ‘रक्षक’, असा त्याचा अर्थ लावला जातो. (हे पेशीचं नेहमीचं प्रथिन, रोग लावणारं रूप नव्हे; त्यामुळे साध्या कल्चर रूममध्ये काम चालतं.)

मला खटकलं ते वेगळंच. जोडीची दुसरी प्लेट अजून इन्क्युबेटरमध्ये होती. ती मायक्रोस्कोपखाली धरली, तर प्रथिनविरहित वेलमध्ये भरपूर गोल पेशी तरंगत होत्या, पण त्यातल्या बऱ्याच छान चकाकत होत्या. मेलेल्या पेशीच रंगवणारा ट्रिपॅन ब्लू थेंबभर घातला, तरी त्या निळ्या पडेनात. म्हणजे जिवंत, फक्त तळ सोडलेल्या. आणि पद्धतीत लिहिलं होतं: मीडियम ओढून टाका, मग एमटीटी घाला. जिवंत पेशीच सिंकमध्ये गेल्या की रंग कमी येणारच. वाचणाऱ्याला ते मरण वाटतं.

यात नवल काही नाही. हे प्रथिन जीपीआय नावाच्या चरबीयुक्त नांगराने पेशीच्या बाहेरच्या बाजूला लटकलेलं असतं, लॅमिनिन आणि एनकॅम या पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनांशी जोडलं जातं. वर सीरम काढलं की फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिनही जातात, म्हणजे तळाला चिकटवणारा मालच कमी होतो.

मग त्या प्लेटचं मीडियम फेकलं नाही. सहा-सहा वेल एकत्र करून मीडियम आणि पीबीएस या क्षारद्रावणाची धुवण एकाच ट्यूबमध्ये घेतली, चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवून त्यातच मिसळल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर ५ मिनिटं फिरवलं. नंतर एकदा धुणं सक्तीचं: ट्रिप्सिनमधलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि मरणाऱ्या पेशींना चिकटून त्या दाखवणारं अनेक्सिन व्ही कॅल्शियमविना चिकटतच नाही. मरणाऱ्या पेशीही मग निरोगी दिसतात. उलट ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवलं की पडदा फाटून खोटे अनेक्सिन-पॉझिटिव्ह वाढतात.

पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर फरक उरला, पण एमटीटीच्या मानाने फारच थोडा. शिवाय रिकामा व्हेक्टर (प्रथिनाचं जनुक नसलेला वाहक डीएनए) घातलेले क्लोनही (एकेका पेशीपासून वाढवलेले गट) आपापसात जवळजवळ तेवढेच वेगळे निघाले. अमर केलेल्या पेशींच्या एकेका क्लोनवर विसंबलं की हे होतंच. प्रथिन आहे का ते दाखवणारा ब्लॉट मात्र चोख होता: ग्लायकोसिलेशनमुळे (साखरेच्या साखळ्या जोडल्या गेल्याने) तीन पट्ट्या, २५ ते ३५ किलोडाल्टनच्या दरम्यान.

मुळात पेशी कोणत्या उंदराच्या, हा प्रश्न आधी विचारायला हवा. १९९२ चे झ्युरिकचे उंदीर प्रथिनाविना धडधाकट वाढले. १९९६ च्या नागासाकीच्या उंदरांच्या सेरिबेलममधल्या (लहान मेंदूतल्या) पुर्किंजे पेशी मेल्या. तीन वर्षांनी उलगडलं की शेजारच्या जनुकाचं डॉपेल नावाचं प्रथिन त्यांच्या मेंदूत भलतंच तयार होत होतं. २०१३ मध्ये आणखी एक दावा कोसळला: मेलेल्या पेशी गिळण्यातला जो फरक प्रायॉनच्या नावावर होता, तो शेजारच्या सिर्पा जनुकाचा निघाला. म्हणून २०१६ पासून मिळणारे एकाच वाणातले ‘झ्युरिक-३’ उंदीर मला जास्त भरवशाचे वाटतात.

माझ्या मते ‘रक्षक’ हा शब्द सीरमच्या प्रयोगाला पेलत नाही. २००८ मध्ये क्रिस्टन्सन आणि हॅरिस यांनी अशा अनेक चाचण्या तपासून परिणाम बेताचाच असल्याचं सांगितलं. जास्त वजन मी प्राण्यांतल्या दोन गोष्टींना देईन. ३२ ते १३४ क्रमांकाच्या अमिनो आम्लांचा तुकडा काढलेलं प्रथिन उंदराच्या सेरिबेलममधल्या पेशी मारतं, पण शाबूत जनुकाची एक प्रत असली की ते मरण टळतं. आणि मेंदूचा रक्तपुरवठा तोडला, तर प्रथिनविरहित उंदरांत मृत भाग मोठा होतो. हे दोन्ही परिणाम तळ सुटण्याने समजावता येत नाहीत.

पुढच्या फेरीसाठी ठरलं ते असं: एकाच क्लोनमध्ये डॉक्सीसायक्लिनने प्रथिन चालू-बंद करायचं, तेच औषध रिकाम्या व्हेक्टरलाही द्यायचं, प्लेटला पॉली-लायसिनचा थर, कडेच्या वेलमध्ये बाष्पीभवन जास्त म्हणून तिथे नुसतं पीबीएस, आणि तरंगणाऱ्या पेशींची मोजणी वेगळ्या रकान्यात. एमटीटीचा तो आलेख तोवर सादरीकरणातून काढला.